मुस्लिम मुलीने सोरोरिटीत जावं का?

बाणकोटची लेक (धागाकर्ती)

माझी भाची टेक्सासमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकते. येत्या ऑगस्टात तिला 'रश'ला उतरायचंय. ती हिजाब घालते, रोजे ठेवते, आणि हे दोन्ही सोडायचा तिचा विचार नाही. घरात यावरून दोन तट पडलेत. मी तिच्या बाजूने आहे, आणि का ते इथे मांडते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात. सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव असलेली कॉलेजातल्या मुलींची संघटना. रशच्या काळात मुली प्रत्येक संघटनेच्या घरी जाऊन गप्पा मारतात, दोन्हीकडचे पसंतीक्रम जुळवले जातात आणि शेवटी 'बिड' मिळते, म्हणजे बोलावणं येतं. मग काही आठवडे नवशिकी सदस्य, त्यानंतर बंद दाराआड विधी आणि शपथ, आणि पुढे आयुष्यभराचं सदस्यत्व. यातल्या २६ मोठ्या संघटना नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये येतात. ही परिषद १९०२ची.

या संघटना मुळात नकारातून उभ्या राहिल्या. इंडियानातल्या आजच्या डीपॉ विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळाला तो १८६७ साली. त्या पहिल्या मुलींपैकी बेटी लॉक हिला फ्रॅटर्निटीने, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेने, बरोबरीचं सदस्यत्व दिलं नाही, म्हणून तिने मैत्रिणींना घेऊन १८७० साली काप्पा आल्फा थीटा काढली. पुढे हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी १९०८ साली आल्फा काप्पा आल्फा काढली, बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी १९०९ साली आल्फा एप्सिलॉन फाय, मिशिगन विद्यापीठात कॅथलिक मुलींसाठी १९१२ साली थीटा फाय आल्फा. ज्या ज्या गटाच्या मुलींना बाहेर ठेवलं गेलं, त्या एक तर आत शिरल्या नाहीतर स्वतःचं दार बांधून मोकळ्या झाल्या. या नात्याचं बळ केवढं असतं ते आल्फा काप्पा आल्फाच्या सदस्य कमला हॅरिस यांच्याकडे पाहून कळतं. कॉलेज सोडून इतकी वर्षं झाल्यावरही २०२४च्या जुलैत त्या डॅलसला आल्फा काप्पा आल्फाच्या अधिवेशनात बोलायला आल्या होत्या.

दुसरा मुद्दा घरचाच आहे. आमच्या गावात संक्रांतीला शेजारच्या काकू माझ्या आईला हळदीकुंकवाला बोलवायच्या. आई जायची, तिळगूळ घ्यायची, वाण घ्यायची, कुंकू लावून घ्यायची नाही. काकूंनी कधी आग्रह केला नाही आणि आईनेही कधी जाणं चुकवलं नाही. आपलं राखून दुसऱ्याच्या घरात बसता येतं, हे मी तिथे पाहिलंय. भाचीने जावं. अट एकच: शपथेचे शब्द आधी मागून घ्यावेत, आणि ते दिले नाहीत तर परत फिरावं.

साकिब_शिकागो

सलाम ताई. तुमचं लिखाण मनापासून आहे, म्हणून मीही मोकळेपणाने विरोध करतो.

लोक आधी दारूचं नाव घेतात. तो माझा मुख्य मुद्दा नाही. पॅनहेलेनिक सोरोरिट्यांच्या घरांत दारूला बंदीच असते. पार्टी होते ती फ्रॅटर्निटीच्या घरी, आणि न पिणारी मुलगी तिथे न जाताही राहू शकते. माझा मुद्दा शपथेचा आहे. शपथ घ्यायची तर अल्लाहची, नाहीतर गप्प राहावं, ही हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. यातल्या जुन्या संघटना एकोणिसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट वातावरणात जन्मल्या आणि कित्येकींच्या विधींत ख्रिस्ती खुणा आजही आहेत. तुम्ही म्हणता शब्द आधी मागा. विधी गुप्त ठेवणं हाच तिथला नियम आहे. शब्द कळतात ते पैसे भरून, आठवडेच्या आठवडे मैत्री करून, मेणबत्त्यांच्या उजेडात उभं राहिल्यावर. त्या क्षणी वीस वर्षांची पोर सगळ्यांसमोर 'मी हे म्हणणार नाही' असं म्हणू शकेल का? तुमच्या आईला कुंकू नाकारता आलं, कारण तिला आधीपासून माहीत होतं की करंड्यात काय आहे.

आणि बहिणी हव्या असतील तर एमएसए आहे की. मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन १९६३ पासून आहे, इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमध्ये सुरू झाली. तिथे निवडफेरी नाही, कुणाला नापास करत नाहीत.

मेघना_न्यूजर्सी

साकिबभाई, करंड्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण मला मधली वाट दिसते. माझी मुलगी दक्षिण आशियाई सोरोरिटीत होती. या संघटनांचं मोठं पीक १९९८चं आहे आणि त्यातल्या दोन तर टेक्सासमध्येच जन्मल्या: ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा. तिच्या गटात गुजराती, तमिळ, पाकिस्तानी, बांगलादेशी मुली एकत्र होत्या. रमजानात सगळ्या मिळून इफ्तार करायच्या आणि दिवाळीला सगळ्या मिळून दिवे लावायच्या. घर नव्हतं, खर्चही आटोक्यातला. तिथे हिजाबवाल्या मुलीला स्वतःबद्दल पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागत नाही. तुमची भाची याकडे का पाहत नाही?

हिंडणारा

माझा विरोध धर्मावरून नाही. ही व्यवस्थाच मला पटत नाही.

ताईंनी इतिहास सांगितला तो अर्धा. पुरुषांनी ज्यांना नाकारलं त्या मुलींनी स्वतःचं घर बांधलं, आणि लगेच आपल्या दारात चाळणी लावली. ताईंच्या यादीतली १९०८, १९०९, १९१२ ही सालं त्याच चाळणीचा पुरावा आहेत. आणि हे जुनंपुराणं नाही. २०१३च्या सप्टेंबरात अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने, 'द क्रिमसन व्हाइट'ने, छापलं की उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलीला सोरोरिट्यांनी घेतलं नाही, आणि आतल्या मुलींनीच सांगितलं की आमची तयारी होती, माजी सदस्यांनी अडवलं. त्यावर विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, विद्यापीठाला निवड पुन्हा खुली करावी लागली. २०१३! आईच्या किंवा आजीच्या सदस्यत्वावरून मुलीला झुकतं माप देण्याची प्रथा काही संघटनांनी अगदी अलीकडे सोडली.

त्यात वर्गणी. मोठ्या घरात राहायचं तर वर्षाला हजारो डॉलर जातात, शिवाय फॉर्मलचे, म्हणजे नटूनथटून जायच्या समारंभांचे कपडे, भेटवस्तू, टीशर्ट. २०२१मध्ये अलाबामाच्या रशचे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले, ते पाहा. मुली कोणता ब्रँड अंगावर आहे ते एकेक करून सांगतात. हिजाबवाली एक मुलगी घेतली की माहितीपत्रकावर फोटो छान येतो, पण चाळणी तशीच राहते. तिने तिथे का खपावं?

अमरीन_एस

मी पॅनहेलेनिक सोरोरिटीत होते. हिजाब घालूनच गेले, घालूनच बाहेर पडले. त्यामुळे दोघांनाही उत्तर देते.

साकिबभाई, एमएसएबद्दल. माझ्या कॉलेजच्या एमएसएमध्ये मला माया मिळाली आणि पाळतही मिळाली. कोणाशी बोलले, ओढणीतून किती केस दिसले, फोटोत कोणाच्या शेजारी उभी होते. बोलणाऱ्या बहुतेक मुलीच होत्या. सोरोरिटीत माझ्या 'बिग'ने, म्हणजे मला नेमून दिलेल्या थोरल्या सदस्येने, पहिल्याच आठवड्यात विचारलं की तुला नमाजासाठी कोणती खोली हवी. वरच्या मजल्यावरची अभ्यासाची खोली ठरली आणि पुढे कधी कुणी ती अडवली नाही. बिड डेला, म्हणजे बोलावणं हाती येतं त्या दिवशी, सगळ्यांना एकच बिनबाह्यांचा टॉप होता. मी आतून लांब बाह्यांचा घातला, विषय संपला. निवडफेरी जानेवारीत होती, त्यामुळे नव्या सदस्यांचे आठवडे पुढे सरकत गेले. ते आठवडे रोज्यांच्या दिवसांत आले तर जेवणावळी जास्त आणि झोप कमी, हे मात्र धरून चालावं.

हिंडणारा, चाळणी आहे हे मान्य. मला तीन घरांनी पहिल्याच फेरीत वगळलं आणि कारण कधीच कळलं नाही. कारण न कळणं हेच सर्वांत बोचतं. पण मी बाहेर राहिले असते तर पुढच्या वर्षी आमच्या घरात निवडीच्या बैठकीला बसून 'ही ओढणीवाली आपल्यात रमेल का' या प्रश्नाला उत्तर कोणी दिलं असतं? मी दिलं. ती मुलगी आली.

साकिब_शिकागो

अमरीन, तुमचा अनुभव खरा आहे आणि पाळतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते आम्हा पुरुषांनी ऐकून घ्यायला हवं. पण शपथेचं काय केलंत, ते तुम्ही लिहिलं नाही.

अमरीन_एस

विचारलंत ते बरं झालं. मी बिड घ्यायच्या आधी चॅप्टरच्या, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या शाखेच्या, सल्लागार बाईंना भेटले. या माजी सदस्या असतात, मुलींपेक्षा त्यांच्याशी बोलणं सोपं. मी म्हणाले, शब्द सांगू नका, एवढंच सांगा की यात येशूचं किंवा कोणत्या देवाचं नाव घेऊन वचन द्यावं लागतं का, आणि ते गाळायची मुभा आहे का. त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला विचारून उत्तर दिलं: एका ठिकाणी देवाचा उल्लेख आहे, ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे तो घ्यावा, 'शपथ' ऐवजी 'वचन' म्हणता येईल. प्रत्येक संघटनेत असंच उत्तर मिळेल असं नाही. पण उत्तर मिळालं नसतं तर मी गेले नसते.

साकिब_शिकागो

'वचन'वर माझं मन थोडं सैल होतं. गुप्ततेवर होत नाही. जे आईवडिलांना सांगता येत नाही त्यात आयुष्यभर बांधून घ्यायचं, हे मला माझ्या मुलीसाठी नको.

मेघना_न्यूजर्सी

मुस्लिम मुलींच्या स्वतःच्या सोरोरिट्याही निघाल्या, ते राहिलंच. गॅमा गॅमा काय २००५ साली व्हर्जिनियात अल्थिया कॉलिन्स आणि त्यांची मुलगी इमानी अब्दुल-हक यांनी काढली. हिजाबी मुलगी म्हणून इमानीला आपल्या कॉलेजातल्या सोरोरिट्यांत जागा दिसेना, म्हणून. आणि २०१६ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत म्यू डेल्टा आल्फा सुरू झाली.

हिंडणारा

मेघनाताई, त्यातल्या कोणत्याही संघटनेला माझा विरोध नाही. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी एकत्र येणं वेगळं, आणि ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांच्या दारात रांग लावणं वेगळं.

बाणकोटची लेक

सर्वांचे प्रतिसाद भाचीला वाचून दाखवले. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

हिंडणारा, तिने तुम्हाला निरोप दिलाय: ती ज्या गावात वाढली तिथे शाळेच्या नृत्यसंघापासून नोकरीपर्यंत प्रत्येक दारात हीच रांग आहे. मुस्लिम मुलींचा गट तिच्याकडे मशिदीमुळे आधीच आहे. तिला जे हवंय ते त्याच्या बाहेरचं आहे. मला तिचं हे म्हणणं रास्त वाटतं.

साकिबभाई, गुप्ततेबद्दल तुमच्याशी माझं जुळणार नाही, पण करंड्यात काय आहे हे आधी कळलंच पाहिजे यावर आपण एकत्र आहोत. अमरीन, तुम्ही सल्लागार बाईंना विचारलेले दोन प्रश्न तिने लिहून घेतलेत. त्यात तिने तिसरा घातला: रमजानात ठेवलेल्या सक्तीच्या कार्यक्रमाला न आल्यास दंड लागतो का. बिड डेच्या आधी तिन्हींचं उत्तर लेखी मागणार आहे. आणखी काही विचारायला हवं असेल तर सुचवा.

अमरीन_एस

हो, एक. वर्गणीतले किती पैसे फ्रॅटर्निटीबरोबरच्या मिक्सरवर, म्हणजे एकत्र पार्ट्यांवर, जातात आणि तिथे न जाणाऱ्या मुलीला ते भरावे लागतात का, हे विचारायला सांगा. मी ते विचारलं ते दुसऱ्या वर्षी, खजिनदार झाल्यावर.