चासीला पडलेला पीळ आणि रंगावर आलेली दुधी झाक

प्रश्न: रामबागकर_इंदूर

नमस्कार. गेली दोन वर्षे मी मोटारींची लहान मॉडेल जोडतो आहे, पण ट्रकचा संच पहिल्यांदाच हाती घेतला. इटालेरीचा १:२४ प्रमाणातला स्कॅनिया आहे, म्हणजे ट्रेलरशिवायचा नुसता घोडा. केबिन मनासारखी जमली, मात्र दोन ठिकाणी गाडी अडली आहे. चासी जोडून तीन आठवड्यांनी चाके बसवली, तेव्हा पुढचे डावे चाक टेबलापासून दीड मिलिमीटर अधांतरी राहते असे दिसले. ते दाबले की टेकते, पण मागचे उजवे उचलले जाते. दुसरे म्हणजे, रविवारी सकाळी पाऊस उघडल्याबरोबर गच्चीवर जाऊन केबिनवर लाल लॅकरचा शेवटचा हात डब्यातून फवारला आणि दहा मिनिटांत छपरावर ताक सांडल्यासारखी पांढरट झाक चढली. सगळा रंग उतरवावा लागेल का? शेवटी एमपी ०९ ची पिवळी पाटी लावून, माळव्याच्या काळ्या मातीत माखलेली गाडी कपाटात उभी करायचा बेत आहे. त्यासाठी फळ्यावरच्या खडूची भुकटी चालेल का, हेही कृपया सांगावे.

उत्तर: काचेवरची_चासी

दीड मिलिमीटर ऐकायला थोडे वाटते, पण २४ ने गुणले की खऱ्या ट्रकचे चाक ३६ मिलिमीटर हवेत तरंगते आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि कपाटात ते कोणाच्याही नजरेला आधी पडेल. दोष बहुधा संचाचा नसून जोडण्याच्या घाईचा असावा. आपण मॉडेल जोडायला वापरतो ते पातळ सिमेंट गोंदासारखे चिकटवत नाही, ते दोन्ही बाजूंचे प्लास्टिक विरघळवून एकजीव करते. वरून सांधा कोरडा दिसला तरी आत तो एक-दोन दिवस मऊच असतो. त्या काळात चासी हातात धरून पाटे आणि टाक्या बसवत राहिले, की दोन लांब पट्ट्या आणि आडव्या दांड्या बोटांच्या दाबाने जशा वळतील तशाच कायमच्या बसतात. म्हणून मी पट्ट्या आणि आडव्या दांड्या जाड काचेवर जोडतो, दोन्ही टोकांना वजने ठेवतो आणि दोन दिवस त्या काचेकडे फिरकत नाही.

आता जे झाले ते दुरुस्त होते. चाके आणि आस काढून घ्या. पसरट परातीत उकळी येऊन गेलेले पाणी ओता, चासी त्यात वीसेक सेकंद धरा, बाहेर काढून पिळाच्या उलट दिशेला, हवे त्यापेक्षा किंचित जास्त वळवा आणि तशीच धरून नळाखाली गार करा. संचाचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, शंभर अंशांच्या आसपास नरम पडते, त्यामुळे हे जमते. पण त्याच कारणाने मिलिमीटरभर जाडीचे कंस आणि पायऱ्या आधी वाकतात, म्हणून ते भाग पाण्याबाहेर राहतील अशा बेताने धरा. दोन-तीन वेळा थोडे थोडे करावे, एकदम नको. पहिल्या खेपेला मी एका झटक्यात सरळ करायला गेलो आणि पीळ उजवीकडून डावीकडे नेऊन ठेवला.

तपासणी डोळ्यांनी करू नका. मॉडेल काचेवर ठेवून प्रत्येक टायरखाली साध्या कागदाची पट्टी सरकवून पाहा. सगळीकडे ती सारखी अडली पाहिजे. शेवटी कागदाएवढाच फरक उरला, तर त्या आसाच्या बैठकीत पातळ प्लास्टिकची चकती घाला. जाता जाता सांगतो, खऱ्या ट्रकची चासी रिव्हेट आणि बोल्टांनी जोडलेली असते आणि खडबडीत रस्त्यावर ती खरोखरच पिळते. तेव्हा एक चाक दगडावर चढलेले दाखवणार असाल, तर तुमचा पीळ अगदी अस्सल आहे.

उत्तर: दुपारचा_फवारा

रंग उतरवू नका. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेतले बाष्प त्या गार थरावर बसून आत कोंडले जाते. ती पांढरी झाक म्हणजे हे कोंडलेले पाणी होय. डब्यातल्या रंगाला आतला दाबलेला वायू आणखी गार करतो, त्यामुळे पाऊस उघडल्याबरोबर गच्चीवर जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण होते. उपाय असा की कोरड्या दिवशी, दुपारी, सावकाश उडणारा रिटार्डर मिसळलेला लॅकर थिनर एअरब्रशने अगदी हलका फवारावा. वरचा थर क्षणभर मऊ होतो, ओल सुटते आणि लाल रंग परत येतो. थिनर ओघळेल इतका मारलात, तर मात्र उरलेले कामही जाईल. डबा वापरण्याआधी पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, गरम पाण्यात कधीही नव्हे. मी स्वतः खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर असली तर लॅकरला हात लावत नाही, त्यामुळे श्रावणात माझे फक्त घासकाम चालते.

उत्तर: देवास_नाका

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण माझा आक्षेप तुमच्या बेतावर आहे. या संचातले स्टिअरिंग डावीकडे आहे. त्यावर एमपी ०९ ची पाटी लावलीत, तर जाणकार माणूस केबिनमध्ये डोकावताच हसेल, आणि चालकाची बाजू बदलायची म्हणजे डॅशबोर्ड कापणे, पेडल हलवणे आणि वायपरची दिशा उलटी करणे आले. एक तर तेवढे कष्ट घ्यावेत, नाही तर ट्रकला युरोपातच राहू द्यावे. युरोपात राहिला तर काळी माती नको. तिकडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा राखाडी पापुद्रा केबिनच्या खालच्या भागावर आणि मडगार्डांमागे बसतो.

मातीचा रंग कुठलाही असो, ती सगळीकडे सारखी फासू नये. आमच्या नाक्यावर उभ्या असलेल्या घोड्यांचा मागचा भाग एकदा वाकून पाहा. ट्रेलरची पिन जिच्यात अडकते त्या ताटासारख्या बैठकीवर काळे, चकचकीत ग्रीस असते, घासल्या गेलेल्या कडेला लोखंड उघडे पडून चमकते, आणि ग्रीसच्या बाहेरच्या काठावर धूळ धरून त्याची जाड साय झालेली असते. एवढा एक तुकडा नीट रंगवला, तर केबिन जवळपास स्वच्छ ठेवली तरी चालते.

फळ्याचा खडू भरड असतो आणि त्यात रंगही नसतो. चित्रकलेचे कोरडे पेस्टल घ्या, तेलाचे नको. ते सँडपेपरवर घासून भुकटी करा आणि मऊ ब्रशने बसवा. त्यावर वार्निश फवारले की निम्मी धूळ दिसेनाशी होते, म्हणून आधी थोडी जास्त ठेवावी लागते. केबिनमागच्या वेटोळेदार हवेच्या नळ्या तांब्याच्या बारीक तारेच्या, सुईभोवती गुंडाळून करता येतात. युरोपीय ट्रकला त्या लाल आणि पिवळ्या असतात, अमेरिकनला लाल आणि निळ्या. स्कॅनियावर निळी नळी मी स्वतः लावली आहे आणि मित्राने दाखवून देईपर्यंत वर्षभर मिरवलीही आहे.

उत्तर: सुटे_भाग

टायरविषयी कोणी लिहिले नाही. मऊ व्हिनाइलच्या टायरातला तेलकट अंश काही वर्षांत प्लास्टिकच्या रिमला खाऊ शकतो, म्हणून रिमच्या कडेवर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन फीत एक वेढा देऊन मगच टायर चढवावा. आणि एएमटीच्या अमेरिकन संचाचे टायर यावर घालू नका, ते १:२५ चे असतात. मीटरभर उंचीच्या टायरला तेवढ्याने दीड मिलिमीटरच्या वर फरक पडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नावर याल.

प्रश्नकर्ता: रामबागकर_इंदूर

सर्वांचे आभार. काल चासी तीन वेळा परातीत बुडवली. आता पाच टायरांखाली कागद अडतो. मागच्या डाव्या जोडीतल्या आतल्या टायरखाली तो अजून सहज सरकतो, पण बाहेरचा टायर टेकलेला आहे. एमपी ०९ ची पाटी मी परत डबीत ठेवली. निळी नळी मात्र कालच गुंडाळून तयार झाली होती, ती आता पिवळी रंगवतो आहे.