'विनो' करणे म्हणजे पाखडणे की उपणणे?

शब्दवेडी: एका इंग्रजी लेखाचं भाषांतर चाललंय. वाक्य असं: 'समितीनं चारशे नावं विनो (winnow) करत बारावर आणली.' मी 'पाखडून' लिहिलं. संपादकबाई म्हणतात 'उपणून' हवं. दोन्ही एकच ना? या इंग्रजी क्रियापदाचं मूळ काय?

गावठाण: एकच कसं? उपणायला वारा लागतो. खळ्यात वावडीवर, म्हणजे उपणायच्या तिवईवर, चढून पाटीतून रास हळूहळू सोडायची. दाणे पायाशी, भूस वाऱ्यानं पलीकडे. पाखडायला सूप नि मनगट पुरे, घरात बसून होतं.

हेमाडपंथी: संपादकबाई बरोबर आहेत. जुन्या इंग्रजीत 'विंडवियन', थेट 'विंड'वरून, म्हणजे आपलं वारवणं. लॅटिनमध्येही तेच. 'व्हेंटुस' वारा, त्यावरून 'व्हेंटिलारे': वारा घालणं आणि उपणणं, दोन्ही. व्हेंटिलेटर तिथलाच. संस्कृत 'वात' याच कुळातला. गंमत म्हणजे 'फॅन'सुद्धा आधी पंखा नव्हता! लॅटिन 'व्हान्नुस' म्हणजे धान्य उपणायची टोपली. तीच जुन्या इंग्रजीत 'फॅन' झाली. १६११ च्या किंग जेम्स बायबलात (मत्तय ३:१२) 'हातात फॅन' आहे तो हाच.

तिरकामुका: आणि मराठी बायबलात तिथे सूप आहे. सूप आलं की पाखडणं आलं. मिटला वाद.

हेमाडपंथी: कसला मिटतोय? मूळ ग्रीकमध्ये 'प्तुओन' आहे, उपणायचं फावडं.

गावठाण: वावडीतला 'वाव' म्हणजे वारा, असं मला तरी वाटतं. वावटळीतही तोच. पतंगाला वावडी म्हणतात, अफवेलाही. सगळ्या वाऱ्यावरच्या गोष्टी.

सरळमार्गी: इतकं खळं कशाला? 'छाननी करून' लिहा, लोकांना कळतं.

तिरकामुका: छाननी हिंदीतली. मराठीत चाळणी मेली का?

सरळमार्गी: 'अर्जांची छाननी' म्हणताना अरबी अर्ज चालतो, हिंदी छाननी टोचते?

हेमाडपंथी: चाळणीचा मान जुना आहे. ऋग्वेद १०.७१: 'सक्तुमिव तितउना पुनन्तः'. चाळणीतून सातू काढावा तशी धीरांनी, म्हणजे ज्ञानी लोकांनी, मनानं वाणी शुद्ध केली. तितउ म्हणजे चाळणी.

शब्दवेडी: सगळं छान, पण उद्या लेख द्यायचाय. माणसांची नावं 'उपणली' वाचताना हसू नाही येणार?

गावठाण: 'उपणली' नाहीच, 'उफणली'. फ. उपणणे पुस्तकी.

तिरकामुका: माझी आजी पुस्तक न उघडता उपणायची.

गावठाण: मग आजीला शेजारीण कोकणातली असेल.

तिरकामुका: शेजारणीचा काय संबंध? कोकणात काय म्हणतात ते आधी सांगा.