लोन चार्ज: आत्ता भरून टाकू की नवीन सेटलमेंटची वाट बघू? (सल्लागारासाठी बजेट ८०० पौंड)

वाटचुकला_स्लाउ
नमस्कार मंडळी. २०१३-१४ ते २०१५-१६ अंब्रेलातून (कॉन्ट्रॅक्टरला पगार देणारी मधली कंपनी) आयटी कॉन्ट्रॅक्ट. पगार करमुक्त मर्यादेइतका, बाकी आयल ऑफ मॅनच्या ट्रस्टकडून ‘कर्ज’: ३८,०००, ४२,००० आणि ३८,०००, म्हणजे १,१८,००० पौंड. २०१८-१९ पासून तीन वर्षं नोकरी, पगार ६०,०००. लोन चार्ज (अशी ‘कर्जं’ उत्पन्न धरून लावलेला कर) रिटर्नमध्ये दाखवला, पैसे भरलेले नाहीत. आता एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, पत्र आलंय. भरून टाकू की त्यांच्या नव्या सेटलमेंटसाठी (तडजोडीसाठी) थांबू? आणि ८०० पौंडात बसणारा सल्लागार कुणी सुचवेल का?

रेडिंगकर
३,५०० च्या खाली चांगला माणूस मिळत नाही. ८०० त तुमचं पत्र वाचून होईल फक्त.

बिनपाण्याची_हजामत
अहो पण ही योजना विकणारे प्रमोटर तर ‘क्यूसीने मंजूर केलेली योजना’ म्हणायचे ना? त्यांच्याकडून वसूल करा की!

रेडिंगकर
तो क्यूसी, म्हणजे बडा बॅरिस्टर, प्रमोटरने नेमलेला. त्याचं मत प्रमोटरसाठी, तुमच्यासाठी नव्हे. आणि २०१७ च्या रेंजर्स निकालानंतर (ट्रस्टमार्गे दिलेला पैसाही पगारच, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं) त्या मताची रद्दी झाली.

आकडेमोड
@वाटचुकला, ३० सप्टेंबर २०२० च्या आत स्प्रेडिंग (रक्कम तीन वर्षांत वाटून घेणं) निवडलं होतंत का? सगळं त्यावर आहे.

स्प्रेडिंग नसेल तर पूर्ण १,१८,००० २०१८-१९ च्या डोक्यावर. ६०,००० + १,१८,००० = १,७८,०००. एक लाखाच्या वर गेल्यावर ११,८५० चा पर्सनल अलाउन्स (करमुक्त रक्कम) वितळतो, दीड लाखाच्या वर ४५ टक्के लागतात. जादा कर ५३,३४०.

स्प्रेडिंग असेल तर दरवर्षी ३९,३३३. पगार धरून ९९,३३३, एक लाखाच्या जेमतेम आत. सगळं ४० टक्क्यांत, तीन वर्षांचे मिळून ४७,२००.

ज्या वर्षी कर्ज त्याच वर्षीच्या दराने धरलं तर: २०१३-१४ ला ८,७९८, २०१४-१५ ला १०,४२७, २०१५-१६ ला ८,८४३. एकूण २८,०६८. रक्कम तीच, माणूस तोच, फरक फक्त कुठल्या वर्षात टाकली त्याचा.

खमंग_काकडी
आणि वर चक्रवाढ व्याज!

आकडेमोड
चक्रवाढ नाही, सरळ व्याज. एप्रिल २०२५ पासून बँक रेट अधिक ४ टक्के. तेवढंही पुरेसं टोचतं.

वाटचुकला_स्लाउ
स्प्रेडिंग घेतलं होतं.

हॅरोची_मावशी
हे सगळं कशाला? पुण्याकडचा फ्लॅट असेल तर विका आणि मोकळे व्हा. आम्ही तेच केलं.

रेडिंगकर
मावशी, अनिवासी माणसाने विकला तर घेणारा टीडीएस कापतो, आणि तो नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापायला बघतो. आधी कमी कपातीचं सर्टिफिकेट काढायला हवं. मग पैसे एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यात, तिथून बाहेर काढायला आयकराचे फॉर्म आणि सीएची सही. भारतात दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, इथे एचएमआरसी त्याच नफ्यावर २४ टक्क्यांपर्यंत, भारतातल्या कराची वजावट देऊन. मोकळे कुठे होता?

हॅरोची_मावशी
आमच्या वेळेला २० टक्के होता, इंडेक्सेशन होतं. तुमच्या वेळेचं मला नका सांगू.

दादर_ते_डर्बी
फ्लॅट राहू दे, आयएलआरचं (इथे कायम राहायच्या परवान्याचं) बघितलंत का? इमिग्रेशन नियम ३२२(५) खाली माणसं हाकलली होती.

आकडेमोड
ती टिअर १ व्हिसाची भानगड. होम ऑफिसला सांगितलेलं उत्पन्न आणि एचएमआरसीला दाखवलेलं उत्पन्न जुळत नव्हतं म्हणून. बालाजीगरी निकाल २०१९ चा, त्यात कोर्टाने म्हटलं की आधी खुलासा मागा. लोन चार्ज वेगळा. नागरिकत्वाच्या अर्जात मात्र कराची थकबाकी बघतात, तेव्हा थकबाकी असेल तर पैसे भरण्याचा करार कागदावर असलेला बरा.

जुना_कागद
सगळे कर मोजताय, पहिला प्रश्न कुणी विचारलाच नाही. तिन्ही वर्षं ६ एप्रिल २०१६ च्या आधीची आहेत. लोन चार्जचा आढावा घेणाऱ्या मॉर्स अहवालानंतर कायदा बदलला: ९ डिसेंबर २०१० च्या आधीची कर्जं बाहेर, आणि त्यानंतरचीसुद्धा, ६ एप्रिल २०१६ च्या आधीची असून रिटर्नमध्ये नीट उघड केली असतील आणि एचएमआरसीने वेळेत काही केलं नसेल, तर लोन चार्जमधून बाहेर. प्रत्येक वर्षाचं एन्क्वायरी लेटर, म्हणजे एचएमआरसीने चौकशी सुरू केल्याचं पत्र, आहे का ते शोधा.

नुसता योजनेचा एसआरएन (संदर्भ) नंबर रिटर्नमध्ये टाकून भागत नाही. कर्ज कुणाला, कुठल्या व्यवस्थेतून, इतकं वाचणाऱ्याला दिसायला हवं. पत्रं हरवली असतील तर एचएमआरसीला सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट (एसएआर, त्यांच्याकडची आपली माहिती मागण्याचा अर्ज) टाका. फुकट आहे, महिन्याभरात उत्तर यायला हवं. मागताना ‘सगळी माहिती’ लिहू नका. वर्षं लिहा, ‘एन्क्वायरी नोटीस, अॅसेसमेंट आणि कॉन्टॅक्ट नोट्स’ लिहा. मोघम मागितलंत की मोघम गठ्ठा येतो.

वाटचुकला_स्लाउ
२०१३-१४ आणि २०१४-१५ ची पत्रं आहेत. २०१५-१६ चं नाही सापडत. रिटर्नमध्ये नोट लिहिल्याचं आठवतंय.

जुना_कागद
मग आठवणीवर जाऊ नका, २०१५-१६ च्या रिटर्नची प्रत काढा. ते वर्ष बाहेर पडलं तर वर्षवार हिशेब १९,२२५ वर येतो.

बिनपाण्याची_हजामत
मग ट्रस्टला कर्जच परत करून टाकायचं, संपलं!

जुना_कागद
परतफेडीची एप्रिल २०१९ ची तारीख कधीच गेली. आता परत केलंत तर पैसे ट्रस्टकडे, कर तुमच्याकडे. उलटं पण लक्षात ठेवा: एचएमआरसीशी सेटल केलं म्हणून कर्ज कायद्याने मिटत नाही. कर्जाचे हक्क विकत घेतलेल्या कंपन्या वसुलीची पत्रं पाठवतात. त्यांना परस्पर काही कबूल करू नका, आणि ट्रस्टने ‘कर्ज माफ’चा कागद पुढे केला तर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा.

रेडिंगकर
नवीन सेटलमेंटचं मुख्य: लोन चार्जच्या नव्या आढाव्याचा रे मॅकॅन यांचा अहवाल २६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटबरोबर आला. उशिराचं व्याज सोडणार, प्रमोटरला दिलेल्या फीची काही वजावट, वर सरकारकडून आणखी ५,००० ची माफी. पण ज्यांनी आधीच सेटल करून पैसे भरलेत त्यांना यातलं काही नाही. म्हणून जुन्या अटींच्या करारावर आज सही म्हणजे दार आपणच लावून घेणं. थांबा.

खमंग_काकडी
थांबा. +१

दादर_ते_डर्बी
मीही तेच म्हणतोय, थांबा. उत्पन्न कमी असेल तर टॅक्सएड ही धर्मादाय संस्था फुकट मदत करते. आणि ‘तुमची केस मिटवून देतो’ म्हणून फोन आला तर फोन ठेवा.

वाटचुकला_स्लाउ
सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय: १५,००० पेमेंट ऑन अकाउंट (अंतिम हिशेबापोटी आगाऊ) म्हणून आत्ताच भरतो, करारावर सही नाही. सल्लागार नाही. रिटर्नची प्रत आणि एसएआर मी स्वतः करीन. व्याज चालू असताना झोप येत नाही.

आकडेमोड
व्याजच सोडणार आहेत हो!

हॅरोची_मावशी
फ्लॅट विकायचा होतात.

जुना_कागद
भरायचंच असेल तर निदान यूटीआरच्या (तुमच्या कर नंबरच्या) शेवटी ‘के’ लावून भरू नका. ते थेट सेल्फ असेसमेंट खात्यावर जातं आणि जुन्या हिशेबाच्या लोन चार्जमध्ये वळतं होतं. आधी केसवर्करला लिहून सेटलमेंटचा वेगळा रेफरन्स मागा, तो आल्यावरच बँकेत हात घाला, आणि भरल्या दिवशीच ‘सेटलमेंटसाठी अनामत, जबाबदारी मान्य नाही’ असं पत्र पाठवून प्रत ठेवा.