१९ दिवस झाले, लेक अजून जन्माच्या वजनावर आली नाही

डांडियाबाजारची लेक:
पहिलंच बाळंतपण, बडोद्याला माहेरी आलेय. मुलगी झाली तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम, चौथ्या दिवशी घरी निघताना २ किलो ६८०. डॉक्टर म्हणाले, एवढं उतरतंच. काल वजन केलं तर २ किलो ८५०. फक्त अंगावर पाजतेय. पाच मिनिटं ओढते आणि झोपते, खाली ठेवली की परत रडते. ओली दुपटी दिवसाला ४-५, शी एकदाच.

शेजारच्या बेन रोज विचारतात, "उपरनुं दूध आपो छो ने?" (वरचं दूध देता ना?) आजीचं म्हणणं, तुझं दूध पातळ आहे, गुटी सुरू कर. सासूबाईंचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, "गाल भरले का गं?" फोन वाजला की मी बाळाला कुशीवर वळवते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वर बेनचं काटलुं, म्हणजे बाळंतिणीसाठीची गुजराती मिठाई. वजन वाढतंय ते माझंच! पावडरच्या दुधाचा डबा आणू का?

कारेलीबागची दोन पोरांची आई:
कालचं वजन त्याच काट्यावर केलंस का? कपड्यांसकट? आमचा थोरला एकदा आठवड्यात ३०० ग्रॅम वाढला म्हणून सासऱ्यांनी पेढे आणले. नंतर लक्षात आलं, त्या दिवशी टोपरं, झबलं, दुपटं, सगळ्यासकट तोलला होता. पेढे खाऊन झाले होते.

नवजात विभागातली सिस्टर:
काट्याचं बरोबर आहे. एकच काटा, बाळ उघडं. पण कपडे असतील तर खरं वजन आणखी कमी निघेल.

सुरुवातीला ७ ते १० टक्के उतरतं, तुझं साडेसात उतरलं, ते ठीक. मात्र १० ते १४ दिवसांत ते भरून यायला हवं आणि पुढे रोज साधारण २५-३० ग्रॅम. तुझे १५ दिवसांत १७०, म्हणजे रोजचे अकरा. शू-शीही कमी आहे. या वयात दिवसाला निदान ६ ओली दुपटी आणि ३-४ पिवळ्या शी हव्यात. वाट बघू नकोस, उद्याच बाळाच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर पाज. मागच्या वेळी कुणी पाजताना बघितलं होतं का?

दूध पातळ वगैरे काही नसतं. आधी पाणीदार येतं, शेवटी स्निग्ध. पाच मिनिटांत झोपणाऱ्या बाळाला ते शेवटचं मिळत नाही. बहुतेक पकड चुकतेय. नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही तोंडात हवा, हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. गिळल्याचा आवाज ऐक. ओढणं थांबलं की स्तन हलकेच दाब, मग दुसरी बाजू दे. २४ तासांत ८ ते १२ वेळा, झोपली असली तरी उठवून.

गुटी नको, पाणीही नको. मध तर वर्षाचं होईपर्यंत नाही. आणि बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा पिवळेपणा वाढला तर सकाळची वाट बघायची नाही.

डांडियाबाजारची लेक:
जाऊन आले. आधीचं वजन झबल्यासकटच होतं. उघडं केलं तर २ किलो ८१०. तिथेच रडले. जीभ ठीक, काविळीची तपासणी ठीक. पकडच चुकत होती, मी तिचं तोंड तिरकं धरत होते. त्यांनी पोटाला पोट लावून धरायला शिकवलं. शिवाय पाजून झाल्यावर दूध काढून वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं. ते ऐकून आजीने ट्रंकेतून माझ्या आईच्या वेळचं चांदीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी) काढलं, स्वतः उकळलं. गुटीचं नाव नाही.

आज पाचवा दिवस. त्याच काट्यावर, उघडी, २ किलो ९३०. दुपटी इतकी ओली होतायत की या पावसात वाळत नाहीत, पंख्याखाली दोरी बांधलीय. कारेलीबागच्या ताई, तुमच्याकडे जुनी दुपटी पडली असतील का?