आईला इकॉनॉमीने नेलं म्हणजे अपमान केला?

आडिवऱ्याची लेक

काल इथे एकांनी लिहिलं, "आईवडिलांना परदेशी न्यायचं तर फर्स्ट क्लासनेच न्यावं. आयुष्यात एकदाच जाणार, त्यांना इकॉनॉमीत कोंबणं हा त्यांच्या वयाचा अपमान आहे. पैसा पुन्हा कमावता येतो." खाली लोकांनी हात जोडलेत, डोळे पुसलेत. मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढून उत्तर देते.

गेल्या ऑक्टोबरात मी आईला लंडनला नेलं. ताईचं बाळंतपण होतं. आई ७१ वर्षांची, याआधी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. मुंबईहून थेट विमान, इकॉनॉमी, जाऊन-येऊन माणशी ६२ हजार. हे पैसे आम्ही दोघी बहिणींनी वर्षभर साठवले. तिकीट काढण्याआधी मी फर्स्टचेही दर पाहिले होते, कारण मलाही आई आहे. दुबईमार्गे एकीचे सव्वासहा लाख दाखवत होते, बिझनेसचे अडीच. त्या सव्वासहा लाखांत कर किती, हे हात जोडणाऱ्यांपैकी कुणी पाहिलंय का? इकॉनॉमीला जीएसटी ५ टक्के. वरच्या वर्गांना १२ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. म्हणजे एका तिकिटावर नुसता कर नव्वद हजारांच्या घरात. माझ्या आईचं अख्खं तिकीट त्याहून स्वस्त होतं.

आणि अपमान कसला? तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली, तिचे वेगळे पैसे पडले नाहीत. सीट चालण्याच्या वाटेकडची घेतली. डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे घातले. दर दोन तासांनी तिला उठवून मागच्या दारापर्यंत चालवत नेलं. विमान सुटताना तिने माझं मनगट जे धरलं ते वर जाऊन विमान स्थिरावेपर्यंत सोडलं नाही. फर्स्टमध्ये प्रत्येकाला दाराची वेगळी खोली. तिथे तिने काय धरलं असतं?

बोटीवरचा

ताई, तो मजकूर माझा आहे. मी ३१ वर्षं बोटीवर फिटर होतो. सिंगापूर, रॉटरडॅम, ह्यूस्टन, जिथे बोट असेल तिथे जॉइन व्हायला कंपनी इकॉनॉमीचं तिकीट द्यायची. त्या खुर्चीत मी किती रात्री बसून काढल्या त्याची मोजदाद नाही. त्या खुर्चीबद्दल मला कुणी शिकवू नये.

रिटायर झाल्यावर बायकोला मुलीकडे न्यूयॉर्कला नेलं. दुबईमार्गे, एमिरेट्सचं फर्स्ट. दोघांचे मिळून सोळा लाख गेले. आमच्या दोन बाळंतपणांत मी घरी नव्हतो. माझे वडील आठ महिने अंथरुणावर होते, तेव्हाही नव्हतो. सगळं तिने काढलं, मे महिन्यात तळाला गेलेल्या विहिरीतून पाणी ओढून काढलं. दुबई ते न्यूयॉर्क १४ तास. त्या ए-३८० विमानात फर्स्टच्या १४ जागा आणि पुढे अंघोळीची खोली. पाणी पाच मिनिटं मिळतं, भिंतीवर दिवा दाखवतो किती उरलंय. ती बाहेर आली ती केस पुसत, आणि म्हणाली, "ढगांच्या वर न्हायले, आता हे गावात कुणाला सांगू?" त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा सोळा लाख देईन.

आणि मनगटाचं म्हणाल तर मधल्या दोन जागांमधला पडदा खाली होतो. माहिती नसताना लिहू नये.

हापूसबाग

पडदा खाली होतो हे कळलं, पण सोळा लाखांचं काय? आमच्या बागेच्या पूर्ण हंगामाची उलाढालसुद्धा तेवढी होत नाही. त्यातून फवारण्या, खोके, गाडीभाडं आणि नेपाळी राखणदारांचा पगार जायचाय. थ्रिप्स किडीने मोहोर काळा पडला की तेही गेलं. माणसाने स्वतःच्या कमाईचं काहीही करावं. पण "एकदाच जायचंय" हे वाक्य ऐकून आमच्या वाडीतल्या एकाने मुलाच्या लग्नानंतर कर्ज काढून सिंगापूर केलं. आज हप्ते फेडतोय. असं लिहिताना थोडा विचार करा.

आणखी एक, बागायतदारांनी लक्षात ठेवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपण आयकराचं विवरणपत्र भरत नाही. पण वर्षात परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च केला की ते भरावंच लागतं, उत्पन्न कितीही असो. फर्स्टच्या एका तिकिटातच ती मर्यादा ओलांडली जाते.

गुडघेवाली

मी दोघांशीही सहमत नाही. माझ्या सासऱ्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना इकॉनॉमीत नेलं तेव्हा पाचव्या तासाला ते रडायला आले होते, आणि ते रडणारे गृहस्थ नव्हेत. दोन ओळींत ३१-३२ इंच अंतर, त्यात गुडघा वाकवून दहा तास. ताई, तुमच्या आईचे पाय चांगले, म्हणून मोजे आणि फेऱ्या पुरल्या. परतीला आम्ही बिझनेस घेतलं. खुर्ची पूर्ण आडवी होते, ते सहा तास गाढ झोपले. त्याच्यावर फर्स्टमध्ये काय मिळतं? मोठी जागा, उंच दार, भारी जेवण. आता बिझनेसलाही काही कंपन्यांनी दारं बसवली आहेत, आणि फर्स्ट कित्येकांनी बंदच केलं. दुखण्यासाठी बिझनेस घ्या, ते मला पटतं. त्यावरचे चार लाख दुखण्यासाठी नसतात.

आडिवऱ्याची लेक

गुडघ्यांचं मान्य. आईचे पाय धड नसते तर मी सोनं गहाण ठेवून अडीच लाख उभे केले असते. पण मग ते गरजेचं बोला, अपमानाचं नको.

आणि बोटीवरचे काका, पडद्याचं मला माहीत नव्हतं, तिथे मी चुकले. पण तुमची गोष्ट काकूंची आहे. काकूंना तुम्ही जे दिलंत त्याला मी काही म्हटलेलं नाही, वाचताना माझेही डोळे भरले. मात्र तुम्ही लिहिलंत आईवडिलांबद्दल, आणि ते सगळ्यांना लागू केलंत. तुमच्या सोळा लाखांनी माझे ६२ हजार अपमान कसे ठरतात, ते सांगा.

दापोलीचे माड

पैशाचं सगळे बोलताय, हवेचं कुणीच नाही. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासात फर्स्टच्या प्रवाशाचा कार्बन इकॉनॉमीवाल्याच्या नऊपटींपर्यंत जातो असा हिशेब आहे. कारण साधं, एक माणूस कित्येकांची जागा अडवतो आणि इंधन सगळ्या विमानाला लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचे वडिलांनी लावलेले माड आणि पोफळी सकाळी उभ्या होत्या, दुपारी आडव्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. एक माड धरायला वर्षं जातात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने तरी पाच मिनिटांच्या अंघोळीचं कौतुक करू नये.

बोटीवरचा

माझ्या बायकोच्या अंघोळीने तुमचे माड पडले असं म्हणताय का? विमान माझ्याशिवायही उडणारच होतं. आणि पुढचे आम्ही जे जादा देतो, त्यावर मागच्यांचं तिकीट परवडतं.

कुडाळ स्टँड

अरे, तुम्ही दहा तासांच्या खुर्चीवरून भांडताय. कुडाळहून मुंबईला सहार विमानतळावर पोचायला माझ्या आईला १४ तास लागले, त्याचं काय? तिचे पाय सुजले ते विमानात नाही, इंदापूर-माणगावच्या कोंडीत. या मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता कमावती होऊन त्याच खड्ड्यांतून जातात. २०१६ च्या २ ऑगस्टला सावित्री नदीवरचा पूल गेला, एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. चिपळूणचा नवा उड्डाणपूल १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधतानाच कोसळला. सहा लाखांच्या तिकिटावर कसली खोली मिळते हे वाचून माझं डोकं उठतं. आम्हाला मुंबईपर्यंत धड पोचवा, पुढे आम्ही उभ्याने जाऊ.

डोंबिवलीचा भाचा

गाडीने जायचं कशाला? मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. कुडाळहून तासाभराची वाट. तिथून विमानाने मुंबई. तक्रारी करायची सवय लागली की सोय दिसत नाही.

कुडाळ स्टँड

भाच्या, मोपा गोव्यात आहे. आमचं चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू केलं, भाषणं झाली, फोटो झाले. मुंबईची सेवा कधी चालू, कधी बंद. आणि मोप्याचं विमान तुझ्या परदेशी विमानाच्या वेळेशी जुळलं नाही तर म्हातारीला मुंबई विमानतळावर रात्रभर बसव. तू चार दिवस गणपतीला येतोस, आरती करून जातोस. माका शिकवू नको.

आडिवऱ्याची लेक

आणि राजापूरवाल्यांना मोपा कुठे जवळ? आम्ही रात्रीच्या गाडीने गेलो. एकीचं कन्फर्म होतं, दुसरी वेटिंगवर राहिली. आई झोपली आणि मी तिच्या पायांशी बसून ठाण्यापर्यंत गेले.

डोंबिवलीचा भाचा

चार दिवस येतो म्हणून हिणवू नका. ते चार दिवस मिळवायला साठ दिवस आधी सकाळी आठला रेल्वेच्या बुकिंगसाठी मोबाइल घेऊन बसतो. दोन मिनिटांत वेटिंग तीनशेच्या पुढे. मग खासगी बसवाला मागेल ते देतो, कारण घरी आजी एकटी आहे आणि तिने तीन महिने आधी विचारायला सुरुवात केलेली असते. तुमचं घर चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर उभं राहिलं, हे एकदा तुमच्या आजोबांना विचारून या.

कुडाळ स्टँड

आजोबा गेले. मुंबईच्या गिरणीतच गेले. माझ्या घराचा जांभा कुणाच्या पैशातून आला हे मला नीट माहीत आहे, तू सांगायची गरज नाही.

राजापूर रोड

दोघेही थांबा जरा. वर्गांचंच बोलायचं तर आपल्या भागाने यावर आधी विचार केलेला आहे. माझी आजी मुसाकाजी बंदरात पडावातून बोटीवर चढायची. खाली डेकवर घोंगडी टाकून सगळं गाव, कोंबड्या, फणस, ओकाऱ्या. वर पैसेवाले. वरच्यांचा हेवा तिला नव्हता, पण डेकवर लाटेचं पाणी येऊ नये एवढीच तिची मागणी होती.

आपले खासदार मधु दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घातला. त्याच डिसेंबरात गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तिला वरचा वर्गच नव्हता. आज देशभर जो कुणी स्लीपरला गादीवर झोपतो तो राजापूरच्या खासदारामुळे. म्हणून मला बोटीवरच्यांचा राग येत नाही, त्यांनी खुशाल दार लावून झोपावं. राग याचा येतो की मागच्या खुर्च्या वर्षागणिक आखडत चालल्यात आणि त्यावर कुणी फोम घालत नाही. उलट "आईला तिथे बसवलंस?" म्हणून बसणाऱ्यालाच बोल लावायचे.

हापूसबाग

फोम खरा, पण खासदार झाले १९७१ ला आणि कोकण रेल्वे पूर्ण धावली २६ जानेवारी १९९८ ला. २७ वर्षं आम्ही वाटच पाहिली.

राजापूर रोड

त्यांनी ती लावून धरली नसती तर अजून पाहत असतो.

कुडाळ स्टँड

रेल्वे झाली म्हणून रस्ता नको? एकेरी रूळ, पावसात दरड आली की सगळंच बंद. मी रस्त्याचं बोलतच राहणार.

गुडघेवाली

रस्त्यासाठी वेगळा धागा काढा ना. इथे एका मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर हवंय आणि ज्यांना विचारलं ते गप्प आहेत.

बोटीवरचा

गप्प नव्हतो. बायकोने वरचं सगळं वाचून दाखवायला लावलं.

माझी आई २००९ ला गेली. मी तेव्हा पनामाच्या बाहेर नांगरावर होतो. पोचलो तो दहाव्याला. तिला विमानात बसायचं होतं, दर वेळी सांगायची, "एकदा माका वर न्हे." इकॉनॉमीचं तिकीट तेव्हाही मला परवडत होतं. मीच म्हणायचो, थांब, चांगल्या जागेवर बसवून नेईन, अजून थोडे पैसे होऊ देत. ते लिहिताना "अपमान" शब्द तिथून आला. तुम्ही ६२ हजारांत नेलंत, मी कुठल्याच पैशात नेलं नाही.

तो शब्द मागे घेतो. फर्स्टबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. ज्याला झेपतं त्याने न्यावं, आणि कार्बनवाल्यांनी आधी मुंबईतले एसी मोजावेत.

दापोलीचे माड

एसीही मोजू. म्हणून तुमची नऊपट कमी होत नाही. आईचं वाचून वाईट वाटलं, पण माझं म्हणणं तेच आहे.

आडिवऱ्याची लेक

काका, आईबद्दल कळलं असतं तर मी पहिलं पोस्ट इतक्या रागाने लिहिलं नसतं. लिहिलं असतं, पण वेगळं.

मे महिन्यात आईला परत न्यायचंय, यावेळी महिनाभर राहायला. तिचा रक्तदाब आता वर असतो, म्हणून बिझनेसचा विचार करतेय. निदान जातानाचं एकाच बाजूचं, कारण रात्रीचं विमान आहे. एका बाजूला बिझनेस आणि परतीला इकॉनॉमी असं एकाच तिकिटात होतं का? गुडघेवाली ताई, तुम्ही तसंच केलं होतंत ना?

गुडघेवाली

होतं. आम्ही परतीची बाजू नंतर फरक भरून बदलून घेतली. तुम्ही आधीच ठरवलंय तर दोन्ही बाजूंचे वर्ग वेगळे टाकून एकत्रच शोधा, बरेचदा कमी पडतं. आधी डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको.

कुडाळ स्टँड

मे महिन्यात रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळणार नाही, सुट्ट्या आहेत. साठ दिवस आधी बसा. भाच्या, तुझी बोटं चपळ आहेत, सकाळी आठला तिच्यासाठी दोन तिकिटं काढून दे.

डोंबिवलीचा भाचा

तारीख कळवा. दोन्ही लोअर बर्थ टाकतो.