फायबरची लाइन आल्यापासून फॅक्स अर्धवट जातो: ईमेलवरून फॅक्ससाठी कोणती सेवा घ्यावी?

धागा (उद्यमबाग, बेळगाव)

नमस्कार. उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे. इथल्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करून आम्ही माल बाहेर पाठवतो आणि आमचा एक जुना ग्राहक अमेरिकेत आहे. त्याच्या खरेदी विभागाची शिस्त अशी की तपासणी अहवाल सही-शिक्क्यानिशी फॅक्सनेच यायला हवा. ड्रॉइंगमधील बदलाची मंजुरीही तो फॅक्सनेच कळवतो. इतकी वर्षे हे बिनबोभाट चालले. तांब्याच्या तारेची लँडलाइन जाऊन फायबरची जोडणी आली, नंबर तोच राहिला, बोलणे पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येते, पण फॅक्स मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तुटतो. मागच्या आठवड्यात सात पानांचा अहवाल चार वेळा लावला आणि चारही वेळा यंत्रातून ‘फॅक्स गेला नाही’ अशी चिठ्ठी बाहेर आली. त्यापायी माल तयार असूनही दोन दिवस पॅकिंग अडले. महिन्याला आमचे दहा-बारा फॅक्स जातात, चार-पाच येतात. ईमेलवरून हे काम होते असे ऐकून आहे. कोणती सेवा घ्यावी आणि येणाऱ्या फॅक्सच्या नंबरची काय सोय करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (खानापूर)

तुमच्या यंत्रात दोष नाही. फॅक्सचे यंत्र कागदाचे चित्र सुरांमध्ये बदलून तारेवरून पाठवते, आणि फायबरवर तोच आवाज लहान लहान तुकड्यांत कापून जातो. माणसाच्या बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर कानाला कळतही नाही. फॅक्सच्या सुरांतला हरवला तर दोन्हीकडच्या यंत्रांचा मेळ सुटतो. त्यातून कंपनीने आवाज जी-७२९ पद्धतीने दाबून पाठवला असेल, तर ती पद्धत बोलण्यासाठीच बनवलेली असल्यामुळे फॅक्स तिच्यावर टिकत नाही. म्हणून आधी कंपनीकडे लेखी अर्ज करून लाइन जी-७११ वर, म्हणजे आवाज फारसा न दाबणाऱ्या पद्धतीवर, ठेवायला आणि फॅक्ससाठी असलेली टी-३८ ही सोय सुरू करायला सांगा. तोवर यंत्राच्या सेटिंगमध्ये वेग (सेकंदाला बिट) १४,४०० किंवा ३३,६०० असेल तो ९,६०० वर आणा आणि एरर करेक्शन बंद करून पाहा. ते चालू असले की हरवलेला तुकडा यंत्र पुन्हा पुन्हा मागत राहते आणि शेवटी कॉल सोडून देते.

प्रतिसाद (निपाणी)

वेग कमी करण्याचा सल्ला योग्य आहे, पण तपासणी अहवालासाठी एरर करेक्शन बंद करणे मला पटत नाही. ते बंद असले की फॅक्स पूर्ण जातो, मात्र मधली एखादी रेघ गळू शकते, आणि ती नेमकी मापाच्या आकड्यावरून गेली तर पलीकडचा माणूस २५.०२ चे २५.०७ वाचेल. त्यापेक्षा ईमेलची सेवा घ्या.

पाठवणे अगदी सोपे आहे. ई-फॅक्स या सेवेचे उदाहरण घ्या: नव्या ईमेलच्या पत्त्यात देशाच्या कोडसह फॅक्स नंबर, मग ॲटचे चिन्ह आणि पुढे ईफॅक्ससेंड डॉट कॉम (efaxsend.com) एवढेच लिहायचे. सुरुवातीचे अधिकचे चिन्ह किंवा दोन शून्ये नकोत. अमेरिकेसाठी १ आणि पुढे दहा आकडे. ईमेल नोंदणी केलेल्या पत्त्यावरूनच जायला हवा. फॅक्स डॉट प्लस आणि पूर्वी हॅलोफॅक्स नावाने चालणारी ड्रॉपबॉक्स फॅक्स या सेवाही याच कामाच्या आहेत. फॅक्सझीरोवरून अमेरिका-कॅनडाला मुखपृष्ठाशिवाय तीन पाने फुकट जातात, पण तुमचे अहवाल सात पानांचे, शिवाय मुखपृष्ठावर त्यांचे चिन्ह येते, तेव्हा तिचा उपयोग फक्त चाचणीपुरता.

खरा घोळ कागदाच्या तयारीत होतो. फॅक्स म्हणजे काळे आणि पांढरे ठिपके. साध्या प्रतीत इंचाला आडवे सुमारे २०४ ठिपके आणि उभ्या जेमतेम ९८ ओळी असतात. ‘फाइन’ निवडले की ओळी १९६ होतात. ड्रॉइंगवरचे बारीक आकडे असतील तर फाइनच निवडा. मोबाइलने काढलेला फोटो तर मुळीच जोडू नका, कारण कागदाच्या कडेला पडलेली हाताची सावली पलीकडे काळ्या ठिपक्यांचा गालिचा होऊन उमटते, आणि कोरा पांढरा भाग झटकन जातो तसे ठिपके जात नसल्यामुळे त्या एका पानाला कितीतरी जास्त वेळ लागतो. स्कॅनरवर २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके), कृष्णधवल, पीडीएफ हे बसवून टाका. शाईचा पॅड सुकत आला असेल तर नवीन आणा. फिकट जांभळा शिक्का पलीकडे पोहोचतच नाही.

येणाऱ्या नंबरचे म्हणाल, तर तुमचा ०८३१ चा नंबर या सेवांकडे नेता येईल असे गृहीत धरू नका. तुमचा ग्राहक अमेरिकेतला, म्हणून तिथलाच नंबर घ्या. त्याला स्थानिक कॉल पडेल आणि फॅक्स तुमच्या ईमेलमध्ये पीडीएफ होऊन येईल. एक काळजी घ्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे आगाऊ परवानगीचे नियम लागू झाले आहेत, त्यामुळे परदेशी कंपनीची मासिक वसुली कधी अडकू शकते, आणि पैसे थकले की नंबर हातचा जातो. शक्य असल्यास वर्षाचे पैसे एकदम भरा.

प्रतिसाद (बेळगाव)

माझे डीटीपीचे काम आहे, म्हणून एवढीच भर घालतो. मराठी किंवा कानडी मजकूर असेल तर वर्डची फाइल जोडू नये, कारण तिचे चित्र सेवेच्या संगणकावर तयार होते आणि तिथे आपला फाँट नसला की जोडाक्षरे फुटतात. पीडीएफ केली की चिंता नाही. ईमेलमधला मजकूर मुखपृष्ठावर छापला जातो, तोही इंग्रजीतच ठेवावा.

धागाकर्ता (उद्यमबाग, बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. वेग ९,६०० वर आणल्यावर तीन पाने गेली, सात पानांचा अहवाल मात्र पाचव्यावर तुटला. टी-३८ साठी अर्ज दिला आहे. दरम्यान एका सेवेचा अमेरिकेतला नंबर घेतला. काल संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडचे कार्यालय सकाळी उघडल्यावर, सातही पाने फाइनमध्ये पाठवली आणि थोड्याच वेळात पोहोच ईमेलवर आली. तेवढ्यावर न थांबता ग्राहकाला फोन करून चौथ्या पानावरची बोअरची मापे वाचून दाखवायला सांगितली. आकडा न् आकडा बरोबर निघाला. आज पहाटे त्यांची मंजुरी नव्या नंबरवर आली असून पॅकिंग सुरू झाले आहे. लेटरहेडवर जुनाच फॅक्स नंबर छापलेला आहे, तो बदलायला उद्या प्रेसमध्ये जातो.