बायको स्टाफ नर्स आहे, कोविडचा त्रास आत्ता वर येऊन राहिला, नोकरी सोडावी का?

मानेवाडा_रिंगरोड
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या. माझी मिसेस स्टाफ नर्स आहे, हॉस्पिटलचं नाव नाही सांगत, नागपुरातलंच आहे. एप्रिल २०२१ मधे ती कोविड आयसीयूत होती. तेव्हा आपल्याकडे काय चालू होतं ते इथल्या लोकांना सांगायची गरज नाही, बेड नाही, रेमडेसिविर नाही, भिलाईवरून ऑक्सिजनचा टँकर निघाला का म्हणून सगळे एकमेकांना फोन लावून राहिले होते. त्या दिवसांत ती एकदम बरी होती हो. घरी यायची, आधी अंगणातल्या बाथरूममधे आंघोळ, पोरीला दारातूनच बघायची, जेवायची, झोपायची, परत ड्युटी. नंतर तिला ओपीडीत टाकलं आणि सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं.

आता परत आयसीयूत पोस्टिंग आलं आणि तिथून बिघडलं. रात्री दोन-तीनला उठून बसते. मायक्रोवेव्ह वाजला तरी दचकते, मी तो काढूनच ठेवला. ड्युटीला निघायच्या आधी हात थरथरतात. चिडचिड इतकी की पोरगी घाबरते तिला. एक दिवस खूप विचारल्यावर बोलली, की तेव्हा नातेवाइकांचे फोन यायचे, आत येऊ देत नव्हते ना कोणाला, आणि ती सांगायची बरे आहेत, जेवले, आणि तासाभरात पेशंट जायचा. म्हणते मी खोटं बोलली त्या लोकांशी. मी म्हटलं अगं तू इतक्या लोकांची सेवा केली, तर उठून आतच निघून गेली.

झोपेसाठी अल्प्राझोलाम घेते, कुठून आणते माहीत नाही. मनोविकार तज्ज्ञाकडे चल म्हटलं तर म्हणते मला पागलखाना चौकात नेऊन सोडता का, आणि हॉस्पिटलात कळलं तर माझी नोकरी आणि रजिस्ट्रेशन दोन्ही जाईल. आता राजीनामा लिहून ठेवलाय. घराचा हप्ता आहे पण ते बघू, मी सांभाळीन. तिने सोडावी का?

गोकुळपेठ_काका
सोडा सरळ. पैसा काय, येतो जातो. आमच्या वेळी लोकांनी प्लेगच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यापुढे हे काहीच नाही. थोडे दिवस रामटेकला नाहीतर माहेरी जाऊन या, मन रमेल.

रात्रपाळी
काका तुम्ही जरा थांबा.

भाऊ, मी पण सिस्टर आहे, वहिनीच्याच त्या काळातली. तुम्ही जे लिहिलं ना "तेव्हा ती एकदम बरी होती", ते आमच्यापैकी अर्ध्या जणींचं असंच आहे. पीपीई किट घातलं की सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, चष्म्यावर वाफ, घामाने हातमोजे भरलेले, त्यात कोणाचं सॅच्युरेशन पडतंय, कोणाचा मास्क निघालाय, विचार करायला वेळच कुठे होता. रडायचं तर किटमधे रडता येत नाही, नाक पुसता येत नाही. जे होतं ते सगळं मागे टाकत गेलो. आणि नंतर कोणी विचारलंच नाही. २२ मार्च २०२०ला थाळ्या वाजवल्या, मग मे मधे हेलिकॉप्टरातून फुलं टाकली, पण सोसायटीत लिफ्ट वापरू नका म्हणून सांगणारे पण तेच लोक होते.

फोनचं म्हणाल तर मला तर व्हिडिओ कॉल धरून उभं राहावं लागायचं. पोरगा पलीकडून बाबा बाबा करतोय, आणि इकडे बाबाला शुद्ध नाही. काय सांगणार? बरे आहेत हेच सांगणार. वहिनीला खोटारडी म्हणायची कोणाची हिंमत नाही. पण भाऊ तिला "तू किती सेवा केली" हे परत म्हणू नका. मला पण ते वाक्य नको वाटायचं. तिच्या डोक्यात गेलेले लोक आहेत आणि तुम्ही वाचलेल्यांचा हिशेब सांगता.

राजीनाम्याचं माझं मत, आत्ता देऊ नये. झोप नसताना माणूस एकच दरवाजा बघतो. इनचार्ज सिस्टरशी बोलून वॉर्ड बदलून घ्या आधी. माझं तसंच झालं, मी आता पोस्टनेटलला, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात आहे.

आशाताई_हिंगणा_रोड
वॉर्ड बदलून घ्या म्हनाले सोपं हाये ताई. ज्याची परमनंट नोकरी त्याले वॉर्ड बदलून भेटते. आमी आशा, आमाले तर पगारच नाही, मानधन. घरोघरी सर्वे केला, थर्मल गन घेऊन फिरलो, लोक दार लावून घेत, एका घरी तर कुत्रं सोडलं अंगावर. जून २०२१ मधे संप केला तेवा कुठं थोडं वाढलं. पुढं २०२२ मधे डब्ल्यूएचओनं देशातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला, बरं वाटलं, पण रात्री झोप लागते का हे कोनी नाही इचारलं. कोविडसाठी कंत्राटावर घेतलेल्या सिस्टर होत्या त्यायले तर लाट गेली का घरी बसवलं. त्यायनं कोनाकडं जावं?

भाऊ तुमच्या मिसेसले बरं वाटो. मी फक्त सांगून राहिली.

रात्रपाळी
खरंय ताई. मी माझ्यापुरतं बोलले.

सायकियाट्री_रेसिडेंट
उशिरा बघितला धागा. पेशंटला न बघता निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी, म्हणजे आवाजाने दचकणं, ते दिवस डोक्यात परत परत येणं, झोपमोड, चिडचिड, या महिन्याभराच्या वर टिकल्या आणि कामावर परिणाम होत असेल तर पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, आहे का ते तपासायलाच हवं. काही लोकांमधे पूर्ण लक्षणं सहा महिन्यांनी, वर्षांनी पण दिसतात, त्याचा उल्लेख निदानाच्या निकषांतच आहे. आणि जुन्या जागी परत गेल्यावर ते उफाळणं फार कॉमन. त्यामुळे "इतक्या वर्षांनी कसं काय" हा प्रश्न तिला विचारू नका.

दुसरी गोष्ट फोनची. हे नुसतं भीतीचं प्रकरण वाटत नाही, त्यात अपराधीपणा आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर काम करणारे जोनाथन शे यांनी याला मॉरल इंजुरी म्हटलं, म्हणजे आपल्याला जे बरोबर वाटतं त्याच्या विरुद्ध वागायची पाळी येणं आणि ते मनात रुतून बसणं. कोविडमधे डॉक्टर-नर्सेसबद्दल हाच विचार पुढे आला. हे असं नुसत्या गोळीने जात नाही, त्यावर बोलावं लागतं, आणि ते पण शिकलेल्या माणसाशी.

एकटी तीच आहे असं पण नाही. २०२०च्या सुरुवातीला चीनमधल्या ३४ हॉस्पिटलच्या १,२५७ डॉक्टर-नर्सेसची पाहणी झाली होती, त्यात निम्म्या लोकांमधे डिप्रेशनची लक्षणं होती आणि सत्तर टक्क्यांच्या वर लोकांना मानसिक ताण. नर्सेस, बायका आणि थेट पेशंटजवळ काम करणारे, यांच्यात जास्त.

आता अल्प्राझोलाम. हे आधी बघा. शेड्यूल एच१ चं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळायला नको पण हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना मिळून जातं, आम्हा डॉक्टरांचंही तेच. सवय लागते, मूळ त्रास तसाच राहतो. पण तुम्ही घरातून गोळ्या फेकून देऊ नका! बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, हळूहळू कमी करावी लागते, डॉक्टरच्याच देखरेखीत. उपचार म्हणाल तर ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (त्या घटनेबद्दलच्या विचारांवर बोलून काम करणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणींवर काम करणं) या दोन थेरपींचा चांगला उपयोग होतो, गरज पडली तर सर्ट्रालिनसारखं डिप्रेशनवरचं औषध, त्याला असर दाखवायला काही आठवडे लागतात. एकदाच बसवून सगळं बोलून टाक असं करू नये, त्याने फायदा होत नाही.

नोकरीच्या भीतीबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय असते, डॉक्टर ती हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटला फोन करून सांगू शकत नाही. थेरपीला जाते म्हणून कोणाचं रजिस्ट्रेशन जात नाही. मेडिक्लेममधेही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं त्याच कायद्यात आहे, आपली पॉलिसी वाचून बघा. आणि मनोरुग्णालयातच जावं लागतं असं काही नाही, मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स, सगळीकडे मनोविकार विभाग आहे. जिथे ती काम करते ते सोडून दुसरीकडे जा म्हणजे तिलाही मोकळं वाटेल. तेही नको असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

एक विचारायचं राहिलं. जगण्यात अर्थ नाही, मी नसते तर बरं, असं काही बोलते का? बोलत नसेल तरी सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात तसलं काही घुसत नाही. हो म्हणाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टीला न्या.

गोकुळपेठ_काका
रेसिडेंट साहेब चांगलं लिहिलं. रामटेकचं मी वापस घेत नाही पण, हवा चांगली आहे.

मानेवाडा_रिंगरोड
सगळ्यांचे आभार. काल विचारलं सरळ. म्हणाली मरायचा विचार नाही, पण ड्युटीला जाताना वाटतं रस्त्यात बस बंद पडावी. मग आशाताईंचं आणि सिस्टरचं वाचायला दिलं तिला. पूर्ण वाचलं, पीपीईतलं रडायचं परत वाचलं, म्हणे ही कोण आहे विचार. ओपीडीला अजून नाही म्हणते पण १४४१६ला बोलेन म्हणाली, मी पोरीला घेऊन खाली जावं ही अट. राजीनामा अजून कपाटातच आहे.

इनचार्जला काय सांगायचं हा प्रश्न आहे, आजाराचं नाव सांगावं लागतं का?

रात्रपाळी
इनचार्जला एवढंच सांगा म्हणावं की नाइट आणि आयसीयू सध्या झेपत नाही, तब्येतीचं आहे, ट्रीटमेंट सुरू करतेय. मी तरी बाकी काही सांगितलं नव्हतं. लेखी अर्ज दिला तर एक कॉपीवर सही-शिक्का घेऊन ठेवा. आणि वहिनीला माझा आयडी द्या, मेसेज करू दे, मी बहुतेक दुपारी जागीच असते.

सायकियाट्री_रेसिडेंट
सर्टिफिकेट लागलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की ऑफिसला द्यायचंय, त्यात नेमकं काय लिहायचं ते तिच्याशी बोलून ठरवता येतं. ओपीडीला यायचं ठरलं तर सोमवार शक्यतो टाळा, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत आणा, किती मिलिग्रॅमची घेते ते कळायला हवं.